दोघांचा थकवा, एका बरणीत

कष्टकरी कुटुंबांना करात सूट मिळावी म्हणून सरकारने यंदापासून घरातला थकवा डब्यात भरून कचेरीत जमा करायची सोय केली आहे. सोय चांगली आहे. मला चार वेळा जावं लागलं.

आमच्या यंत्रमागाच्या गावात कर रविवारात घेतात. रविवारी विणलेलं कापड सरकारचं. माझा मुलगा महांतेश आणि सून गिरिजा एकाच मागावर आहेत, ती दिवसपाळीला, तो रातपाळीला. पाळी बदलताना माग थांबवायचा नाही अशी आमच्याकडची रीत. एकाचा हात निघायच्या आधी दुसऱ्याचा लागतो. नवरा-बायको दिवसातून दोनदा भेटतात ते एवढंच, आणि त्या खडखडाटात बोललेलं कळत नाही. म्हणून निरोप माझ्याजवळ ठेवतात. परवा गिरिजा सांगून गेली, की रागावला असाल तर माझ्यासमोर रागवा, उशीवर काय रागावता. मी निरोप जसाच्या तसा दिला. महांतेशने ऐकला आणि झोपला.

नात शांभवी पाच वर्षांची आहे. तिचं मत असं, की आई आणि बाबा आळीपाळीने असतात. शेजारच्या मुलीकडे दोघं एकाच वेळी असतात, हे तिने मला कानात सांगितलं. त्यांच्याकडे काहीतरी चुकून जास्तीचं आलंय आणि कुणाला कळू नये, अशा आवाजात. सूट मिळाली की रविवार माफ होतो. म्हणून मी निघालो.

थकवा भरणं अवघड नाही. कामावरून आल्यावर, पाणी प्यायच्या आधी, उघड्या डब्यात तीन उसासे सोडायचे आणि झाकण लावायचं. माणूस लगेच हलका होतो. मात्र त्यानंतर संध्याकाळचे पाच वाजायच्या आत शिक्का पडला नाही, तर थकवा ज्याचा त्याच्याकडे परत जातो. शिक्का पडला, की पुढचा महिनाभर येणारा थकवाही घरी न येता त्याच नावावर जातो.

पहिल्या खेपेला मी स्टीलचा डबा नेला. आतलं दिसत नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला लोणच्याची काचेची बरणी नेली, तर थकव्याच्या दोन झेरॉक्स मागितल्या. पहिली प्रत फिकी निघाली. दुसरी काढताना मशीनच बसलं. दुकानदार रागावला नाही, पण पुन्हा येऊ नका म्हणाला. तिसऱ्या खेपेला सांगण्यात आलं, की दमलेली व्यक्ती समक्ष हवी. गिरिजाने अर्धा दिवस सुट्टी काढली, शेजारणीला मागावर उभं केलं आणि आली.

खिडकीवर तोरस्कर म्हणून साहेब होते. त्यांनी तिला खालपासून वर पाहिलं.

"बाई, तुम्ही तर चालत आलात."

"मग कसं यायला हवं होतं?"

"दमलेलं माणूस येतच नाही," तोरस्कर म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना नियम पाठ होता.

गिरिजा बाहेर येऊन पायरीवर बसली, बरणीचं झाकण काढलं आणि आणखी एक उसासा आत टाकला. मग म्हणाली, "मामा, राहू द्या आता." मी राहू देणार होतो. पण त्या दिवशी पाच वाजता दोघांचा थकवा परत आला, तेव्हा महांतेश जेवता जेवता घास हातात धरून झोपला, आणि शांभवीने तो घास हळूच काढून ताटात ठेवला.

चौथ्या खेपेला मी एकटाच गेलो. पाचला पंधरा मिनिटं होती. तोरस्करांनी बरणी उजेडात धरली, हलवली आणि म्हणाले, की हा मिसळलेला आहे. मी म्हटलं, साहेब, दोघं एकाच मागावर आहेत, एकाच डब्यात जेवण नेतात, म्हणून एकाच बरणीत भरला. आमच्याकडे वेगळं काढायची सवय नाही. त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. एका बरणीवर एकच नाव. गिरिजाचं घातलं तर महांतेश न दमलेला ठरतो, महांतेशचं घातलं तर गिरिजा.

"बरणी आणली कुणी?"

"मी."

"मग तुमच्या नावावर घालू या."

"मी मागावरून उतरून सहा वर्षं झाली, साहेब."

"आजोबा, थकवा आहे म्हणजे काम असणारच. तुमचा रविवार माफ. त्यांचा चालू राहील."

मी विचारलं, मी रविवार घेऊन काय करू. ते पुस्तकात लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं, नक्की लिहिलेलं नाही ना. त्यांनी मागची पानंही चाळली. नव्हतं. मी अंगठा उठवला, शिक्का पडला, आणि कचेरीच्या तीन पायऱ्या उतरायला मला बराच वेळ लागला.

रविवारी सकाळी सातला महांतेशची रातपाळी संपत आली, तेव्हा गिरिजाच्या जागी मी हात लावला. तो काही बोलला, ऐकू आलं नाही. मी त्याला हाताने घराकडे ढकललं. पाय दोन माणसांचे झाले होते, पण बोटांना सूत आठवत होतं. तुटलेला धागा मी बसूनच जोडत होतो.

अकराच्या सुमारास कचेरीतून विश्रांती तपासनीस आले. त्यांच्याकडे माझं नाव होतं. घरी गेले होते. तिथे एक बाई आणि एक पुरुष भांडत होते, म्हणाले, कुणीच ऐकेना.

"कशावरून?" मी ओरडून विचारलं.

"उशीवरून काहीतरी. एक मुलगी मध्ये बसून दोघांकडे बघत होती." त्यांनी वही काढली. "तुमची विश्रांती चालू आहे का?"

"चालू आहे, साहेब."

त्यांनी तसं लिहून घेतलं.