साड्यांचं कुंपण

गुरुवारी सकाळी भटूने परसात जाऊन पाहिलं तेव्हा आठ वांग्यांची पाच उरली होती. सहावं भिंतीवर होतं, पण एका वानराच्या हातात. वानर ते सावकाश, चव घेत खात होतं.

"मालती, रविवारपर्यंत एक बी ऱ्हावाव नही!" भटूने घरात येऊन बायकोला ओरडून सांगितलं.

रविवारी त्याची मोठी बहीण, जयश्रीआक्का, अमळनेरहून येणार होती. तब्बल तीन वर्षांनी. भटूने गावच्या शेतातला आपला वाटा विकून सुरतजवळ कडोदऱ्याच्या सोसायटीत हे टोकाचं घर घेतलं आणि बहीणभावाचं बोलणं बंद झालं. बंद होण्याआधी आक्काने भरताच्या वांग्यांच्या बियांची पुडी त्याच्या हातावर ठेवली होती. "हाई घे, शेतनं एवढंच ऱ्हायनं. पन सुरतनी मातीमा आपलं वांगं येवाव नही. उनं तरी कडू निंघी."

आलं तरी कडू निघेल, हे शेवटचं वाक्य भटूच्या मनात रुतून बसलं होतं. पहिली दोन वर्षं रोपं जळून गेली. यंदा कुठे हिरवीगार, हातभर वांगी धरली होती. त्यातलं एकही त्याने चाखलं नव्हतं. कडू निघालं तर? त्यापेक्षा आक्काच्या पानातच काय ते कळू दे, असं त्याने ठरवलं होतं.

त्याने थाळी वाजवली. वानरांनी ती शांतपणे ऐकून घेतली. कापडी वाघ आणून बसवला, तर एक म्हातारी वानरीण त्याला टेकून ऊन खात बसली. शेजारचे ललितभाई कुंडीतल्या आपल्या छोट्या जांभळ्या वांग्यांना पाणी घालता घालता म्हणाले, "भटूभाई, अमारा रवैयाने तो अडता पण नथी!" त्यांच्या रवैयाला, म्हणजे या छोट्या वांग्यांना, वानरं शिवतही नव्हती.

उपाय सापडला तो कामावर. सुरतच्या पर्वत पाटिया भागातल्या मार्केटात भटू बावीस वर्षं साड्या तपासायचं आणि घड्या घालायचं काम करत होता. सोबतचा गोपाल म्हणाला, "आमच्या गावी शेताला साड्या बांधतात. साडी हलली की माणूस आहे समजून जनावर पळतं." छपाई बिघडलेल्या साड्यांचा गठ्ठा शेठने आनंदाने दिला.

आता दुसऱ्या कुणीही त्या साड्या दोरीला कशाही गुंडाळल्या असत्या. भटूला ते जमेना. शनिवारी दुपारभर खपून त्याने एकेक साडी निऱ्या घालून टांगली. पदर बाहेर, काठ सरळ, बिघडलेला भाग आत. डावीकडून फिकट रंग, उजवीकडे गडद.

मालतीबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आहो, वांदरेसले दखाडाना शे का गिऱ्हाइकले?"

"साडी टांगानी बी रीत ऱ्हास," भटू म्हणाला.

संध्याकाळी वानरं आली, ललितभाईंच्या गच्चीवर बसून त्यांनी हा थाट पाहिला आणि निघून गेली. भटू त्या दिवशी पोटभर जेवला.

रविवारी सकाळी तो आक्काला आणायला स्टेशनवर गेला आणि इकडे समोरच्या ओळीतली दिपाली कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"काकी, सेल लावला आणि सांगितलं पण नाही?"

"सेल कसला बाई, माकडांसाठी बांधल्यात."

"एवढ्या सरस साड्या माकडांना?" दिपालीने एक पदर हातात घेतला होता, आणि तो सोडायचा तिचा काही विचार दिसेना.

तोंडावर नाही म्हणणं मालतीबाईंच्या स्वभावात नव्हतं. "ने ती एक," त्या म्हणाल्या. दिपाली साडी घेऊन गेली आणि मनीषाला घेऊन आली. मनीषाला नाही कसं म्हणणार? मग मनीषाची जाऊ आली. मागून आलेल्या बायकांनी तर विचारलंही नाही. रंग आवडला नाही म्हणून एकीने बदलूनही नेला. अकरा वाजता कुंपणाच्या जागी नुसती दोरी होती.

रिक्षा दारात थांबली तेव्हा परसात सात वानरं होती. चार वांगी संपली होती. पाचवं दांडग्या नराने नुकतंच तोडलं होतं. भटूने पायातली चप्पल काढली आणि धावत सुटला.

"थांब!" मागून आक्का ओरडली.

तो थांबला. चप्पल हातात तशीच. रडू येईल असं त्याला वाटलं, पन्नाशीच्या माणसाला वांग्यासाठी.

आक्का दोरीशी येऊन वानराकडे बघत राहिली. त्याने वांग्याचा घास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. देठापर्यंत खाऊन बोटं चाटली. मग भिंत ओलांडून ललितभाईंच्या कुंडीपाशी गेला, रवैयाचा वास घेतला आणि तसाच पुढे निघून गेला.

"रोज येतस का?" आक्काने विचारलं.

"रोज," भटू खाली मान घालून म्हणाला. "आक्का, तुनाकरता ठेवेल व्हतात. तू म्हने कडू निंघी, म्हनीसन मी चाखं बी नही."

आक्काने त्याच्या हातातली चप्पल काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "येडा, कडू ऱ्हातं ते वांदरं फिरी फिरी कसाले येतस?"

त्या दुपारी ललितभाईंच्या रवैयाची भाजी झाली. आक्का दोन भाकरी जेवली. निघताना तिने पिशवीतून नवी पुडी काढून भटूच्या हातावर ठेवली. म्हणजे येतानाच ती बी घेऊन आली होती.

"औंदा दोन वळी लाव. एक वांदरेसनी, एक आपली. मी येसू भरीत खावाले."