गुंडूमामा आणि अंबाक्काची बंदूक

आमच्या गुंडूमामांच्या हातात भरलेला पेला कधी देऊ नये. ते आधी तो डोक्याच्या वर धरून बुडावरची छाप वाचायचे, मग प्यायचे. माझ्या लग्नात असंच वाचता वाचता पेला कलला आणि केशरी दूध व्याह्यांच्या जरीच्या फेट्यावर. व्याही ठिबकताहेत आणि मामा म्हणतात, "पेला मात्र अस्सल जर्मन हं."

तरुणपणी पलटणीच्या शस्त्रागारात कारकुनी केलेली, तिथली ही खोड. बायको ना पोर. शुक्रवार पेठेत आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. अडकित्ता दिसो की कुलूप, "आधी छाप, मग गप्पा." देवळातली घंटा वाचायला एकदा नंदीच्या पाठीवर चढले. पुजारी म्हणाला, "मामा, घंटा वाजवायची असते की." मामा वरूनच म्हणाले, "ती कुठली ते कळल्याशिवाय कशी वाजवू?"

समोर अंबाक्का राहायची, भाच्याकडे. तिच्या घरी तिच्या वडिलांची बंदूक होती. सत्तावनच्या बंडात म्हणे त्यांनी ती गोऱ्याच्या हातातून हिसकून आणलेली. अंबाक्का अगदी लहान असताना वडील गेले. चेहरासुद्धा आठवत नाही, पण बंदुकीची गोष्ट तोंडपाठ. दर खंडेनवमीला पूजा करताना ती बंदुकीला इतकं हळदकुंकू लावायची, की लोखंडावरच्या खुणा त्याखाली पार गडप झालेल्या.

भाचा शिवप्पा परवान्याच्या कटकटीला कंटाळला. म्हणाला, "आत्या, खरंच बंडातली असली तर ठेवू. नसली तर कचेरीत जमा करतो. मामा सांगतील ते खरं."

झालं. मामा नवरदेवासारखे निघाले. घासलेट, चिंधी, भिंग, आणि उन्हाचा कवडसा पाडायला आरसा घेऊन मी. अंबाक्का पूजेचं ताट आणायला आत गेली होती. मामांनी बंदुकीखालचा दांडा ओढला, तसा आतला ठोकळा खटकन खाली बसला. मामांचा चेहरा उतरला.

"तायडे," ते माझ्या कानाशी म्हणाले, "ही तर मार्टिनी. एकेक काडतूस मागून भरायची. बंडात कुठली? तेव्हा नळीच्या तोंडातून दारू ठासायचे."

चिंधीनं कुंकू निघालं. वर मुकुट, खाली राणीची अक्षरं, त्याखाली साल. इंग्रजी आकडे मला येतात, काड्यापेट्यांवरून शिकलेय. साल बंडानंतर कितीतरी वर्षांनीचं.

अंबाक्का ताट घेऊन येऊन बसली. "काय म्हणतीय रे माझ्या अप्पाची बंदूक? नीट बघ की."

शिवप्पानं विचारलं, "मामा, साल कुठलं?"

मामांनी पुसलेलंच परत पुसलं. भिंग लावलं, काढलं.

"मुकुट आहे. गोऱ्यांचीच," ते म्हणाले. "साल झिजलंय. पण बंडातलीच. घडणीवरून कळतं."

मग त्यांनी ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि त्या सालावर चांगलं जाड थापलं.

"ऐकलंस?" अंबाक्का शिवप्पाला म्हणाली. "लई दमवलंस बाबा मला." आणि बंदूक मांडीवर ओढून घेतली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, आकडे तर मला पण दिसले."

मामांनी त्यांच्या दाराशी येऊन कुंकवाची बोटं धोतराला पुसली.

"माझ्या वडिलांची एक चिलीम होती," मग म्हणाले. "ते गेल्यावर आईनं कुणाला तरी देऊन टाकली. काळी होती का तांबूस, तेही आता आठवत नाही."

आणि वळून कुलूप काढायला लागले.