आप्पा, खापर!

मूळ खापर गावचे आप्पा रेडिओला उत्तर देत असत.

दुपारी साडेचार वाजता ते डोक्यावर टोपी चढवीत, उपरण्याची घडी सारखी करीत आणि मेजावरच्या त्या लाकडी पेटीसमोर पाहुण्यापुढे बसावे तसे बसत. बरीच खरखर झाल्यावर कोणी परका पुरुष परक्या भाषेत बोलू लागे. आरंभीच त्याच्या तोंडून दोन शब्द येत, आणि आप्पा विजयी मुद्रेने माझ्याकडे वळत. "आयकं का मास्तर? आप्पा, खापर! नाव-गाव घीसन हाक मारस." मग पेटीकडे तोंड करून म्हणत, "बरं शे, भाऊ. तू जेवना का?"

मी तेव्हा नंदुरबारच्या शाळेत शिक्षक होतो आणि मिरचीबाजारामागे आप्पांच्या माडीवर, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होतो. स्वभाव इतका भिडस्त की मिरचीच्या खाटाने येणारी शिंकही मी रुमालात दाबून टाकीत असे. असा मनुष्य आप्पांच्या म्हणण्यावर शंका कशी घेणार? बाजाराला मात्र मौज वाटे. "आप्पा, आज मलायामा मिरचीना काय भाव?" असे आडते दुकानातून ओरडत.

आप्पांचा एकुलता मोतीराम बिजलीचे काम शिकून मलायात गेला होता. तिथल्या एका बंदराच्या गावी मलय भाषेचे रेडिओ केंद्र उभे राहत होते. त्याच्या तारा आणि खांब तो सांभाळी. त्या केंद्राची वाढ आप्पा नातवाचे कौतुक सांगावे तशी सांगत. आधी पत्र्याची एक खोली, दोन ग्रामोफोन आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास मलय भाषा. मग रोज. मग खेड्यांतले गाणारे आले, आणि बातम्या वाचायला तिथलाच एक शाळामास्तर. "त्यासनी बोली आते त्यासनाच तोंडे येस," आप्पा म्हणत. एक शब्द कळत नसता प्रत्येक बोलणारा त्यांना आवाजावरून ओळखू येई. तो शाळामास्तर नाकात बोले. त्याचे नाव त्यांनी 'सर्दीवाला' ठेवले होते, आणि त्याला आल्याचा काढा दे, असे मोतीरामला पत्राने कळवलेही होते.

पुढे लढाई मलायात पोहोचली. मोतीरामची पत्रे थांबली. एके दिवशी साडेचारला पेटीतून नुसती खरखर आली. आप्पा टोपी घालून तासभर तिच्यासमोर बसून राहिले. काही आठवड्यांनी आवाज आले, पण ते नवे, तुटक, हुकूम सोडल्यासारखे. केंद्र शत्रूच्या हाती गेले होते. शत्रूचा रेडिओ ऐकणाऱ्यांना धरून नेतात, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली, आणि आडत्यांनी मलायाचा भाव विचारणे सोडले.

आप्पा खिडक्या लावून ऐकू लागले. जिन्यावर पाऊल वाजले की मी दाराची कडी चाचपून पाही. खोली सोडावी असे मी रोज ठरवी, आणि तसे सांगण्याचे धैर्य नसल्यामुळे रोज राही.

अशाच एका दुपारी पेटीतून नाकातला आवाज आला. आप्पा ताडकन उठले.

"सर्दीवाला! मास्तर, सर्दीवाला जित्ता शे! मंग मन्हा मोतीबी..."

दार वाजले. उघडतो तो समोर पोलीस हवालदार. पेटी बंद करावी हे मला सुचले, पण हात उचलेना. आणि नेमके तेव्हाच पेटीने ते दोन शब्द स्वच्छ उच्चारले.

हवालदारच आधी घाबरला. "आप्पा, हाऊ तं तुम्हनं नाव ली ऱ्हायना! गावसुद्धा!"

शत्रू रोज नाव-गाव घेऊन हाक मारतो आणि आपण त्याला ओ देतो, हे आप्पांनी स्वतःच साऱ्या बाजाराला सांगून ठेवले होते. आता निराळा साक्षीदार कशाला हवा होता?

आप्पांनी पेटी बंद केली. डोक्यावरची टोपी काढली, तिच्या अस्तरातून घडीवर झिजलेले एक पत्र काढले आणि माझ्या हातात दिले. "वाचा, मास्तर. मोठ्यानं."

मी वाचले, माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आप्पा, इकडे माणसे भेटली की एकमेकांस 'आपा खबर' म्हणतात. म्हणजे काय खबर, कसे आहात. तुम्ही ऐकाल तर वाटेल, तुम्हांलाच हाक मारतात. आपला, मोती."

हवालदार पोट धरून हसला. "म्हंजे आप्पा, इतला दिन बाजारले टोपी घाली तुम्हीन!" खटला टळला. पेटी मात्र तो काखेत मारून ठाण्यावर घेऊन गेला.

"आप्पा, तुम्हांला पहिल्यापासून ठाऊक होते?" मी विचारले.

"हाव." ते टोपीच्या अस्तरात पत्र परत सरकवीत होते. "पत्तर चार महिनामा एक येस, मास्तर. हाऊ रोज इचारस. अन् मन्हा मोतीनी ताणेल तारवर इचारस. मी उत्तर नही दऊ का?"

दुसऱ्या दिवशी साडेचारला आप्पा टोपी घालून मेजासमोर बसले. मिरचीच्या धुळीत पेटीएवढा चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता. मी दारात उभा होतो. इतके भय मला हवालदाराचेही वाटले नव्हते.

"आपा खबर?" मी म्हणालो.

आप्पांनी मागे वळून पाहिले नाही. टोपी सारखी करून म्हणाले, "बरं शे, भाऊ." आणि मग, अगदी हळू, "तू जेवना का?"

"जेवनू, आप्पा," मी म्हणालो.