दादांचे बेचाळीस

आमच्या शैलाचे थोरले भाऊ, म्हणजे वसंतदादा, दात घासायच्या आधी कॉम्प्युटर लावतात. रात्रीतून जगात कुणी आपलं नाव घेतलं का, ते बघायला. घेतलं असेल तर त्या दिवशी चहात साखर जास्त. नसेल तर मला फोन. "सुरेशराव, जग झोपलंय."

दादा मेंदूचे संशोधक. माणूस लक्षात कसं ठेवतो आणि विसरतो कसं, हा त्यांचा विषय. डॉक्टर आहेत, पण औषधाचे नव्हेत, हे त्यांच्या नवघरच्या वस्तीत अजून कुणाला पटलेलं नाही. जिन्यात गाठून लोक त्यांना आपली अर्धशिशी सांगतात. आयुष्यात त्यांचे निबंध छापून आले सहा. पाच कुणी उघडले नाहीत. सहाव्याचा मात्र इतर संशोधकांनी आपापल्या निबंधांत उल्लेख केला, एकेचाळीस वेळा. अशा उल्लेखाला सायटेशन म्हणतात, हे आता आमच्या कामवाल्या मावशींनाही ठाऊक आहे. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात दादांनी व्याह्यांना नमस्काराआधीच सांगितलं, "मला एकेचाळीस." दादांनी साठी ओलांडलीय. व्याही घाबरून म्हणाले, "वाटत नाही हो."

मी हसायचो. माझं स्वतःचं लिखाण म्हणाल तर शांती नगरच्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर. 'गच्चीत पापड वाळत घालू नयेत.' त्याखाली कुणीतरी खडूने 'का?' लिहिलं. तेवढंच माझं सायटेशन.

दादांशी बोलणं सोपं नाही. टोमॅटो महागले म्हटलं तरी भुवई वर करून विचारतात, "संदर्भ?"

दादांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि माझ्या सासूबाई, माई. माई शाळेत बाई होत्या. पण शेवटची आठ-नऊ वर्षं त्यांच्या डोक्यातलं एकेक पुसत गेलं. आधी गॅस बंद करणं, मग मी, मग शैला. मी पुसला गेलो तेव्हा शैलाने फारसं मनावर घेतलं नव्हतं. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र दिवसभर जेवली नाही. आणि दादा वही घेऊन माईंसमोर बसलेले. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, अर्ध्या तासाने विचारायचे. शैला ओरडायची, "आईचीसुद्धा परीक्षा घेतोस रे, दादा!"

माई गेल्या. तेराव्याला पंगत उठली, लोक पांगले, आणि बघतो तर दादा कॉम्प्युटरसमोर.

"दादा, आज तरी राहू द्या."

"बेचाळीस झाले, सुरेशराव."

मला राग आला. पण तेराव्याला भांडू नये म्हणून म्हटलं, "माई सुखात गेल्या."

"संदर्भ?"

मग दादाच बोलायला लागले. सहाव्या निबंधातल्या 'व. बाई' म्हणजे वत्सला, आमच्या माई. त्यांच्याकडून पंधरातले चौदा शब्द दर वेळी जायचे, एक मात्र दर वेळी उरायचा. पेरू. सगळं पुसलं तरी काहीतरी टिकतं, असं दादांनी लिहिलं, आणि त्या एका शब्दावर जगभरच्या लोकांनी माड्या चढवल्या.

"पेरू ती कधीच म्हणाली नाही," दादा म्हणाले. "म्हणजे म्हणाली. पण मी ओठ हलवले होते."

"म्हणजे?"

"लहानपणी गॅदरिंगला मी कविता विसरायचो. माई पहिल्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायची. मला दिसायचं. इथे ती माझ्यासमोर बसलेली. एकही शब्द येईना. नुसती बघतेय माझ्याकडे. मला नाही बघवलं. पहिल्यांदा चुकून झालं. मग दर वेळी."

"पण आता कुणाला कळणार आहे?"

"हा बेचाळिसावा आहे ना, त्याने माझ्या भरवशावर उपचार सुरू केलाय. म्हाताऱ्यांकडून रोज एकेक शब्द घोटून घेतोय. त्यांची मुलं वाट बघत बसली असतील, सुरेशराव."

पडद्यावर पत्र तयार होतं: निबंध मागे घेतो. कारणाच्या जागी ओठांचं सगळं लिहिलं होतं. माई होत्या तोवर ते पाठवायचा धीर झाला नव्हता.

"पाठवलंत तर किती उरतील?"

"एकही नाही धरणार मी," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

चार दिवसांनी मी त्यांना ओढून केबिन रोडच्या बाजारात नेलं. घरात पालेभाजीची काडी नव्हती. नेहमीचा फळवाला भैया, ज्याला दादा येता-जाता आपला आकडा सांगायचे, लांबूनच ओरडला, "डॉक्टरसाब! आज कितना?"

दादा हातगाडीसमोर उभे राहिले, कविता विसरलेल्या पोरासारखे. मला राहवलं नाही. भैयाच्या पाठीमागे जाऊन मी नुसते ओठ हलवले. बेचाळीस.

दादांनी ते वाचलं. 'नाही' अशी हळूच मान हलवली.

"जीरो," ते भैयाला म्हणाले. मग गाडीवरचा एक पेरू उचलला आणि भैयाने दोनदा "कितना तोलूँ?" विचारलं तरी हातात तसाच धरून उभे राहिले.