हिरव्या नकाशातले बीळ

एका जंगलात सगळ्यांच्या घरी इंटरनेट होते. म्हणजे जंगलाच्या वार्षिक अहवालात तसे छापले होते, बाळांनो, आणि अहवाल चांगल्या जाड कागदाचा होता. तरी कुणी चुकून राहिलेच असेल, म्हणून सिंहमहाराजांनी टेकडीवर एक कक्ष उघडला. 'परवडणारे व भरवशाचे घरगुती इंटरनेट शोधून देणारा साहाय्य कक्ष' एवढे त्याचे नाव. पाटी टांगायला दोन झाडे लागली.

खालच्या खोऱ्यात गोदाक्का साळिंदर राहायची. विणकामात तिचा हात धरणारे कुणी नव्हते, आणि सुया तर तिच्या अंगावरच होत्या. नवऱ्याचा, भिवाचा, पाय सापळ्यात मोडलेला. त्याला टाकून रोज बाहेर कामाला जाणे शक्य नव्हते. अशात पलीकडच्या जंगलातल्या शाळेने तिला घरबसल्या विणकाम शिकवायचे काम देऊ केले. अट एकच होती. पौर्णिमेला पहिला वर्ग, तोवर घरी नेट हवे. नाहीतर काम सुगरण पक्षिणीला जाणार होते.

गोदाक्का टेकडी चढून कक्षात गेली. तिथले अधिकारी बगळेसाहेब फार प्रेमळ. त्यांनी तिला पाणी दिले, बसायला पाट दिला आणि चार कंपन्यांची माहिती असलेली एक रंगीत पुस्तिका दिली.

"घाई करू नका, अक्का. नीट तुलना करून निवडा," ते म्हणाले.

"केली तुलना, साहेब. चौघांपैकी एकाचीही वायर आमच्या खोऱ्यात येत नाही."

बगळेसाहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे मान वळवली. "येते की. खोरं हिरवं दाखवलंय. हिरवं म्हणजे जोडलेलं."

आता यात नकाशाची चूक नव्हती. खोऱ्याच्या तोंडाशी एकदा वायर खरोखरच आली होती. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि वायर पुढच्या उद्घाटनाला निघून गेली.

"अहो, मी तिथंच राहते. माझ्या बिळात नेट नाही," गोदाक्का म्हणाली.

"तुम्ही एकट्या सांगताय, अक्का. नकाशा सात जणांच्या समितीने केलाय. पण काळजी नको, नेट नसल्याचा पुरावा द्या. बिळात बसून वेग मोजायचा आणि बिळातूनच नेटवरून आम्हाला पाठवायचा."

"नेटच नाही, तर पाठवू कशी?"

"असे प्रश्नही नेटवरूनच विचारायचे असतात. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, म्हणून मी ऐकून घेतला."

गोदाक्काने तीन दिवस बिळात फोन उंच धरून पाहिला. काही जाईना. शेवटी टेकडी चढून तिने तो पुरावा कक्षाच्या दारातून पाठवला. तिथून तो डोळ्यांची पापणी लवायच्या आत गेला, आणि तसेच उत्तरही आले, 'आपला वेग उत्तम आहे. अभिनंदन.' तिला रडू आले, आणि ते लपवावे असेही वाटले नाही.

दोन दिवसांनी बगळेसाहेबांचा निरोप आला. वर्षभरात खोऱ्यातून एकही तक्रार नव्हती. तक्रारी फक्त नेटवरून घेतल्या जात. त्यामुळे जंगलातले सर्वात भरवशाचे इंटरनेट म्हणून खोऱ्याची निवड झाली होती. बक्षीस महाराजांच्या हस्ते होते आणि मंचावर एक समाधानी रहिवासी हवा होता. कक्षाच्या वहीत खोऱ्यातले एकच नाव होते, गोदाक्काचे.

"जा," भिवा म्हणाला. "महाराज समोरच असतील. एकदा सांगून टाक."

टेकडीवरच्या मंचावर उभी राहून तिने सांगितले. "महाराज, आमच्याकडे नेट कधी आलंच नाही. जे आलं नाही, ते बंद कसं पडेल? परवा पौर्णिमा आहे. माझं काम जाईल. बक्षीस राहू द्या, वायर तेवढी द्या."

महाराजांनी आयाळीने डोळे पुसले. मग बगळेसाहेबांकडे वळून विचारले, "हे थेट प्रक्षेपण सगळीकडे जातंय ना?"

"सगळीकडे, महाराज."

"छान."

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. 'खोऱ्यातील रहिवाशाचे म्हणणे इंटरनेटवर अत्यंत स्पष्ट ऐकू आले. सबब खोऱ्यात इंटरनेट असल्याचे सिद्ध होते. प्रकरण निकाली.'

पौर्णिमेला गोदाक्का सकाळीच लोकर घेऊन फोनपुढे बसली. फोनवर एक गोल चकती फिरत राहिली. शाळेने अर्धा तास वाट पाहिली आणि सुगरणीला बोलावले. तिचे घरटे कक्षाच्या खिडकीला लागून होते. तिला वायरसुद्धा लागली नाही.

दुपारी बगळेसाहेब स्वतः खोऱ्यात आले. हातात कॅमेरा होता.

"पुस्तिकेची नवी आवृत्ती काढतोय, अक्का. मुखपृष्ठावर तुम्ही हव्यात. फोन घेऊन शिकवायला बसलेल्या."

"फोनवर काही दिसत नाही, साहेब."

"फोनची मागची बाजू येईल फोटोत. काटे जरा खाली घ्या आणि हसा. मुखपृष्ठावरच्यांना वायर आधी मिळते, असं कानावर आहे."

गोदाक्काने आत झोपलेल्या भिवाकडे एकदा पाहिले. मग काटे खाली घेतले आणि हसली.

तात्पर्य : गरजूंनी सढळ हाताने मदत करत राहावे. साहाय्य कक्षांना दुसरा आधार नसतो.