राउटरचा मान

आमच्या मेंढपाळ संस्थेच्या कार्यालयात सध्या पहिला मान एका मेंढ्याला आहे. असं काहीही घडलेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही.

घडलं ते एवढंच. कवठे महांकाळच्या आमच्या कार्यालयात दोन कॉम्प्युटर एकाच पत्त्यावरून भांडत होते. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आपला वेगळा पत्ता लागतो, निदान शेवटचा आकडा तरी वेगळा. दोघांचा एकच निघाला, की नेटला कुठल्या दारात जावं ते कळत नाही. मी वडूजला जाऊन हे सगळं शिकून आलोय. "पाच मिनिटांत करतो," असं मी म्हणालो.

घाई होती. आमच्या सभासद रंगुबाई आपला माडग्याळी जातीचा मेंढा, राजबिंडा, टेम्पोत घालून आल्या होत्या. जिल्हा प्रदर्शनाची ऑनलाइन नोंदणी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. गेल्या साली ऐन वेळी लाईट गेली आणि राजबिंडा राहिला.

"पुढल्या साली ह्यो म्हातारा हुईल, लेकरा," त्या म्हणाल्या. "आन मी बी."

मी हातानेच आकडे वाटले. राउटर एक, आमच्या क्लार्क फरीदा मॅडम दोन, मी तीन, चेअरमन जोतीराम आबा चार. चूक एकच केली, हे मोठ्यानं वाचून दाखवलं.

"चार?" आबा म्हणाले.

"आबा, तो नुसता पत्ता आहे."

"जत्रंत पयला नारळ माझा, पंगतीत पयलं पान माझं. आन हितं चार? एकवर कोण हाय?"

"राउटर."

"कुठल्या गावचा?"

मी भिंतीवरचा डबा दाखवला. निवडणुकीत पाडलेल्या माणसाकडेही आबा इतकं वाईट बघत नाहीत.

"सभासद तरी हाय का त्यो?"

मी मागच्या खोलीतली वायर तपासून परत आलो, तोवर आबांनी फरीदा मॅडमकडून आपल्या कॉम्प्युटरला एक घालून घेतला होता. बाहेर जाणारं सगळं एक नंबरच्या दारातून जातं. ते आता आबांच्या कॉम्प्युटरकडे जायला लागलं आणि तिथेच थांबलं. संस्थेतला प्रत्येक अर्ज असाच थांबतो, त्यामुळे बराच वेळ कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

"मॅडम, तुम्ही हे केलंत?"

"माझी रजा कोण मंजूर करतं, दिग्विजय?"

साडेचार वाजले. मी आबांना सगळ्यात मोठा आकडा देऊ केला, दोनशे चोपन्न.

"म्हंजे दोनशे त्रेपन्न जण माझ्या म्होरं?"

"आबा, राउटर एकवर बसल्याशिवाय नेट चालत नाही."

"मग न्हाई चाललं तर न्हाई. डब्याच्या खाली मी बसायचो न्हाई."

रंगुबाई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्यांनी पायरीला बांधलेला राजबिंडा सोडला, आत आणला आणि राउटरखाली उभा केला.

"आवं आबा, ह्याच्या मागं बसायची लाज वाटंल का तुमास्नी?"

आबा मेंढ्याकडे बघत राहिले. ते भरदार अंग, ते पोपटासारखं नाक.

"न्हाई," ते हळूच म्हणाले. "ह्याच्या मागं कुनीबी बसंल."

"मग एक नंबर ह्याचा. डबा नुसता त्याचा कारभारी."

मी जन्मात एवढा हबकलो नव्हतो. वडूजला हा धडा नव्हता. मी राउटरवर 'राजबिंडा' अशी पट्टी चिकटवली. आबांना दोन दिला. फरीदा मॅडम चारवर गेल्या आणि त्यांनी पट्टीवरचं नाव दोनदा वाचलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. नेट आलं. पाचला काही मिनिटं कमी असताना राजबिंड्याचा फोटो चढला आणि नोंदणी झाली.

"झालं?" रंगुबाईंनी विचारलं.

"झालं, मावशी."

 त्यांनी मेंढ्याच्या मानेत तोंड खुपसलं.

आता आबा रोज सकाळी राउटरला हात लावून मगच खुर्चीत बसतात. आणि आज फरीदा मॅडम राउटरवर लावायला आपल्या शेळीचा फोटो फ्रेम करून घेऊन आल्यात.

सबब, आकड्यांचं खातं ज्यांच्याकडे असेल त्या माननीय महोदयांना विनंती, की 'एक' हा आकडा सर्व सहकारी कार्यालयांच्या वापरातून कायमचा वगळावा, आणि मोजणी थेट दोनपासून सुरू करण्यास मंजुरी मिळावी.