आयर्लंडकर पावणं

माणसाला हाक मारण्यापूर्वी त्याचा देश माहीत असावा, हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण होय. कळंबच्या वरच्या मळ्यानं हे लक्षण एका लग्नापायी अंगी बाणवलं.

हौशीरामची हर्षाली डब्लिनला नर्स. तिथलाच कॉनर नावाचा मुलगा तिनं पसंत केला आणि फोनवर बापाला बजावलं, "आबा, तो आयरिश हाय. त्याला कुनी एकदा जरी इंग्रज म्हनलं, तर लगीन हिकडंच उरकीन. तुमी बसा फोटो बघत."

हौशीराम हादरला. कारण मळ्यातली व्यवस्था अत्यंत सुटसुटीत होती. गोरा तो इंग्रज, बारीक डोळ्यांचा तो चिनी (मग मणिपूरचा का असेना), हिंदी बोलणारा तो भय्या. सगळं जग तीन शब्दांत बसल्यामुळे भूगोलाचा त्रास कुणालाच नव्हता.

तातडीनं समिती बसली. 'इंग्रज' हा शब्द कालबाह्य ठरला. दादाभाऊनं विरोध नोंदवला, "राव, उभ्या जन्मात एक इंग्रज दारात येतोय, अन् त्यालाबी इंग्रज नाय म्हनायचं?" शेवटी पाहुण्याला गावावरनं ओळखायचा रिवाज कामी आला. मंचरचा तो मंचरकर, तसा हा आयर्लंडकर.

रंगीत तालीमही झाली. रामनाथच्या तोंडाला पावडर फासून त्याला मळ्याच्या रस्त्यानं चालवलं. नव्वद टक्के लोक "इंग्रज आला!" म्हणून ओरडले, उरलेल्यांनी "रामनाथ, आजारी हाईस का?" म्हणून विचारलं. तालीम पुन्हा घ्यावी लागली.

हर्षालीबरोबर कॉनर आला तेव्हा मात्र सगळा मळा एका सुरात म्हणाला, "या, आयर्लंडकर पावणं!" हौशीरामचा जीव भांड्यात पडला. पंगत बसली. हर्षालीनं हाक दिली, "बहादूर, पानी आन रं!"

कॉनर ताटावरनं उठला. पाणी वाढणाऱ्याशी हात मिळवून, शिकून घेतलेल्या मराठीत म्हणाला, "तुमचं नाव काय?"

"बहादूर," हौशीरामच घाईनं बोलला. "नेपाळी हाय. हर्षाली शाळंत जायची, तवापासनं आपल्या पोल्ट्रीवर हाय."

"दीपेंद्र," तो माणूस म्हणाला.

हौशीरामनं भीतभीत लेकीकडं पाहिलं. आता ही बॅग भरती का काय! पण हर्षाली खाली मान घालून आमटीत भात कालवत बसली, कालवतच बसली. लग्न कळंबलाच होणार, हे बापाला कळून चुकलं.

समितीनं पुढं खुलासा केला, की सदर ठराव पंगतीत बसणाऱ्यांपुरता आहे. वाढणारे त्यात मोडत नाहीत. हा खुलासा ज्यांना हास्यास्पद वाटेल, त्यांनी आपल्या सोसायटीच्या फाटकावर जो रात्रभर बसतो, त्याचं नाव मोठ्यानं सांगावं. (बहादूर सोडून.)